'लौलान पडल्याशिवाय परतणार नाही': तांग काळातल्या सरहद्दीच्या कविता देशभक्तीच्या म्हणायच्या का?

बोरू_आणि_टाक

मंडळी, तीन वर्षं झाली, रविवारी सकाळी चिनी भाषेच्या वर्गाला जातोय. प्रगती बेताचीच, पण चहा चांगला असतो. मागच्या रविवारी बाईंनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. कवी वांग छांगलिंग, आठवं शतक, तांग राजवट. (लौलान म्हणजे पश्चिमेकडच्या वाळवंटातलं एक जुनं शहर.) माझं कच्चं भाषांतर:

छिंगहाईवर लांबच लांब ढग, हिमाचे डोंगर काळवंडले,
एकटं ठाणं, दूरवर नजर, यूमेनचा दरवाजा.
पिवळ्या वाळूत शंभर लढाया, चिलखताला भोकं पडली,
लौलान फोडल्याशिवाय परतणार नाही.

मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "हर हर महादेव!" बाई हसल्या. म्हणाल्या, शेवटची ओळ परत वाचा. मूळ सात अक्षरं आहेत: 'बू पो लौलान जोंग बू हुआन'. अक्षराला अक्षर लावलं तर 'न, फोडणे, लौलान, शेवटी, न, परतणे'. 'लौलान'ची दोन अक्षरं धरून सात. कर्ता नाही, काळ नाही, 'शिवाय' तर नाहीच नाही. म्हणजे ही शपथ असू शकते, किंवा नुसतं रडगाणं: लौलान काही पडत नाही आणि घरी काही जाणं होत नाही.

तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय. या प्रकारच्या कवितांना चिनीत 'बियानसाई' कविता म्हणतात, म्हणजे सरहद्दीवरच्या. शेकड्यांनी आहेत. वाळू, बर्फ, बासरी, हाडं. यांना देशभक्तीची कविता म्हणायचं का? जाणकारांनी आणि अजाणांनीही लिहावं.

चौकटचा_राजा

जागा पकडतोय. वाचून मग लिहितो.

शांघायकर

आमचे चिरंजीव इथल्या शाळेत चौथीला होते तेव्हा पुस्तकात एका पाठात तीन जुन्या कविता होत्या. त्यातल्या दोन याच जातीच्या. एक याच वांग छांगलिंगची आणि दुसरी वांग हानची. दुसरी घरात इतक्यांदा पाठ म्हटली गेली की बायकोला पोळ्या लाटतानाही यायची (त्यातला पिपा म्हणजे एक तंतुवाद्य):

द्राक्षांची मदिरा, रात्री उजळणारे पेले,
ओठाला लावावं तर घोड्यावरून पिपा घाई करतो.
रणात झिंगून पडलो तर हसू नका,
लढाईवर गेलेले आजवर परत आले किती?

परीक्षेत 'कवीच्या मनातली भावना कोणती?' असा प्रश्न आला तर शूरपणा आणि देशप्रेम लिहायचं, मार्क पडतात. पोराने एकदा 'त्याला घरी जायचं आहे' असं लिहिलं होतं. अर्धे मार्क.

चकलीची_भाजणी

चौथीच्या पोरांना दारूची कविता! आपल्याकडे पालकांचा मोर्चा आला असता शाळेवर.

बाकी अर्धे मार्क अन्यायाचे आहेत. पोराला पूर्ण द्या.

शिळोप्या

@शांघायकर, त्या कवितेतली एक गंमत सांगतो. त्यातली चैनीची वस्तू न् वस्तू पश्चिमेकडची आहे. द्राक्षांची दारू चिन्यांची नव्हे, त्यांची धान्याची. ६४० साली तांग सैन्याने गाओछांग, म्हणजे आजच्या तुर्फानजवळचं राज्य, घेतलं आणि तिथली द्राक्षं नि दारू गाळायची रीत राजधानीत आली. पिपा हे वाद्यही मध्य आशियातून आलेलं, ते घोड्यावर बसून वाजवणारेही तिकडचेच. ज्यांच्याशी लढायला निघालेत त्यांचीच दारू, त्यांचंच वाद्य, आणि वर मरायची तयारी.

शीर्षक 'लियांगचौचे शब्द' असं आहे. ते मुळात चालीचं नाव. आपल्या नाटकांच्या पदांवर 'चाल: अमुक' असं छापलेलं असायचं ना, तसं. त्या चालीवर अनेकांनी लिहिलं. चालसुद्धा सरहद्दीवरूनच राजधानीत गेलेली.

पिपा घाई कसली करतो यावरही वाद आहे. 'प्या लवकर' म्हणतो की 'चला, निघा'? दोन्ही अर्थ लागतात.

गनिमी_कावा

आता प्रत्येक गोष्टीत युद्धविरोध शोधायची साथ आली आहे. सैनिकाला घर आठवतं म्हणजे तो देशभक्त नाही? उलट घर आठवत असूनही उभा राहतो म्हणून तर. वांग छांगलिंगचीच दुसरी कविता घ्या, जी शांघायकरांच्या मुलाच्या पुस्तकात आहे:

छिन काळचा चंद्र, हान काळची खिंड,
दहा हजार ली दूर गेलेले परतले नाहीत.
ड्रॅगन नगरीचा उडता सेनापती असता,
तर हू लोकांचे घोडे यिन पर्वत ओलांडते ना.

यात काय संदिग्ध आहे? घोडे ओलांडू द्यायचे नाहीत. संपलं.

ताम्रपट

@गनिमी_कावा, 'असता, तर' हे तुम्हीच लिहिलंत. म्हणजे नाही. तो उडता सेनापती म्हणजे बहुतेकांच्या मते हान काळातला ली ग्वांग. ख्रिस्तपूर्व ११९ मध्ये वारला. कवी त्यानंतर आठशेवर वर्षांनी म्हणतोय की तो असता तर. याचा सरळ अर्थ, आत्ताचे सेनापती काही कामाचे नाहीत. देशभक्ती असेलही, पण ती वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडणारी.

आणि लौलानचं म्हणाल तर ते राज्य तांगच्या वेळी होतंच कुठे? ख्रिस्तपूर्व ७७ मध्ये हानच्या दूताने तिथल्या राजाला मेजवानीत मारलं, राज्याचं नावही बदललं. पुढे वाळूने शहर गिळलं. तांग सैनिक लढत होते तिबेट्यांशी आणि तुर्कांशी. कवी मात्र नावं घेतात हान काळची. शत्रू 'हू', शहर लौलान, राजा 'हान सम्राट'. यात सोय होती. दू फू या कवीने सुमारे ७५० साली लिहिलं की सरहद्दीवर समुद्राएवढं रक्त सांडलं तरी 'वू सम्राटा'ची मुलूख वाढवायची हौस फिटली नाही. वू सम्राट हानचा, मेलेला. वाचणाऱ्याला कळायचं की रोख गादीवर बसलेल्या श्वानझोंगवर आहे.

रोख का होता त्याचं एकच उदाहरण. छिंगहाईजवळ शिबाओ नावाची तिबेट्यांची गढी होती. तीन बाजूंनी कडा, वर जायला एकच वाट. वांग चोंगस् नावाच्या सेनापतीला ती घ्यायचा हुकूम झाला. त्याने टाळाटाळ केली, म्हणे हजारो-लाखो जीव देऊन मला पद टिकवायचं नाही. त्याची गच्छंती झाली. मग ७४९ मध्ये गशू हान या सेनापतीने ६३ हजारांची फौज घेऊन गढी घेतली. आत सापडले ४०० तिबेटी. तांगची माणसं मात्र हजारोंनी गेली. गशू हानला बढती मिळाली. ली बाय या कवीने नंतर एका कवितेत टोमणा मारलाय की शिबाओत कत्तल करून जांभळा झगा, म्हणजे मोठं पद, मिळवला.

दू फूच्या ओळी त्याच सुमाराच्या आहेत: 'छिंगहाईच्या काठी बघ, जुन्या काळापासून पांढरी हाडं पडलीत, उचलायला कोणी नाही.'

चौकटचा_राजा

खणखणीत प्रतिसाद. वाचनखूण साठवली. 'वरिष्ठांच्या नावाने बोटं मोडणारी देशभक्ती' हे आमच्या हापिसात फ्रेम करून लावतो.

गनिमी_कावा

@ताम्रपट, माहिती चांगली, मान्य. पण मग गाओ शीचं काय? 'सैनिक आघाडीवर अर्धे मेले, अर्धे जिवंत. सेनापतीच्या तंबूत सुंदऱ्या अजून नाचतात' ही ओळ त्याचीच ना? सगळे युद्धविरोधी तीच फेकतात तोंडावर. पुढे तोच माणूस कोणाकडे नोकरीला लागला माहीत आहे? तुमच्या त्याच गशू हानकडे, कारकून म्हणून!

ताम्रपट

बरोबर. कविता ७३८ ची, गढी ७४९ ची, नोकरी त्यानंतर तीनेक वर्षांत. कारकून मात्र नका म्हणू, सचिव होता. पुढे इतका चढला की तांगच्या अधिकृत इतिहासात लिहिलंय, या राजवटीत कवी असून मोठ्या पदाला पोचला तो हा एकच.

यात मला विसंगती दिसत नाही, खरं तर. परीक्षा पास न होणाऱ्या किंवा होऊनही जागा न मिळणाऱ्या शिकलेल्या माणसाला सरहद्दीवरच्या सेनापतीचं कार्यालय ही एक वाट होती. पोटापाण्याचा प्रश्न. त्यात नाचणाऱ्या बायकाही दिसायच्या आणि हाडंही.

संपादक_मंडळ

एक प्रतिसाद उडवला आहे. गलवानचा धागा वेगळा आहे, तिकडे जावे. या धाग्यावरची शेवटची लढाई आठव्या शतकातली आहे, ती तिथेच ठेवावी.

चकलीची_भाजणी

:D :D

माळावरची_वाट

मी कवितेतली जाणकार नाही. एका गोष्टीसाठी लिहितेय.

या धाग्यामुळे त्सेन शेनची एक चार ओळींची कविता इंग्रजीतून वाचली. ७४९ मध्ये तो आनशीला, म्हणजे आजच्या शिनजियांगमध्ये, नोकरीला चालला होता. वाटेत राजधानीकडे परत जाणारा एक दूत भेटला. म्हणतो, पूर्वेला घराकडे बघतो तर वाट संपत नाही, दोन्ही बाह्या ओल्या झाल्या, थांबत नाही. दोघेही घोड्यावर, कागद नाही, लेखणी नाही. तेव्हा तोंडीच सांगा घरी, मी खुशाल आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आमचं गाव साताऱ्याकडचं. पत्राच्या पाकिटावर गावाचं नाव नसायचं, नुसता नंबर, नाव आणि 'केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.' ते काश्मिरात आहेत की आणखी कुठे, आईला कळायचं नाही. आजी विचारायची, "ही छप्पन कुठं आलं गं?" निळ्या आंतर्देशीय पत्रात काय असायचं ते मला अजून पाठ आहे: 'मी येथे खुशाल आहे. तुम्हा सर्वांची खुशाली कळवणे. पाऊसपाणी कसे आहे. म्हशीचे काय झाले.' डोंगर नाही, बर्फ नाही, गोळी नाही, देश नाही. एकदा फक्त लिहिलं होतं, 'इथे हात फुटतात, व्हॅसलीन पाठव.' आईने दोन डब्या पाठवल्या होत्या.

ते देशभक्त होते का? १५ ऑगस्टला शाळेत झेंड्यापुढे सॅल्यूट करायचे तेव्हा त्यांची मान अशी व्हायची की आम्ही घाबरायचो. घरी लढाईबद्दल एक शब्द नाही.

त्सेन शेनने 'मी खुशाल आहे' एवढंच का सांगितलं हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

बोरू_आणि_टाक

@माळावरची_वाट, काय लिहू. दू फूच्या त्याच कवितेत एक ओळ आहे जी वर्गात बाईंनी दोनदा वाचली होती. पंधराव्या वर्षी पोरगा नदीवर पहाऱ्याला गेला, जाताना गावच्या मुखियाने त्याच्या डोक्याला फडकं गुंडाळून दिलं, कारण त्याला स्वतःला बांधता येत नव्हतं. परत आला तेव्हा केस पांढरे, आणि पुन्हा सरहद्दीचाच हुकूम.

शिळोप्या

मुखियाच्या फडक्यापुढे सगळी चिलखतं फिकी.

रानपाखरू

मला ली बायची ती कविता आवडते. राजधानी छांगआनवर एक चंद्र आणि दहा हजार घरांतून कपडे धुण्याचा आवाज. नवरे लढाईवर, बायका रात्री धुणं धुतात. आमच्या सोसायटीत रात्री मशीन लावलं की नोटीस येते ;)

धोबीपछाड

@रानपाखरू, ते धुणं नाही. (आयडी बघा, मलाच सांगावं लागणार.) ताजं विणलेलं कापड कडक असायचं. ते दगडी पाटावर ठेवून लाकडी दांड्यांनी बडवून मऊ करायचे, मग त्याचे हिवाळी कपडे शिवायचे. शरद ऋतूत हा आवाज घराघरातून यायचा, कारण थंडी पडायच्या आत सरहद्दीवर कपडे पोचवायला हवेत. त्यामुळे चिनी वाचकाला त्या ठकठकीतच कळतं की या घरचा पुरुष बाहेर आहे. कविता शेवटी विचारते, हू लोकांचा बंदोबस्त होऊन नवऱ्याची स्वारी कधी संपणार?

बंदोबस्त व्हायला हवाय, हेही त्या बाईला मान्य आहे बरं का. तिला फक्त तारीख हवी आहे.

गनिमी_कावा

हे आवडलं. 'तिला फक्त तारीख हवी आहे.' मी हेच म्हणत होतो, जरा वाईट शब्दांत.

खापरतोंड्या

सगळे एकाच बाजूने बोलताय. 'हू' म्हणजे कोण, त्यांना कोणी विचारलं? तुर्कांचा एक राजपुत्र होता, कुल तिगिन. त्याचा दगड मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात उभा आहे, ७३२ सालचा. एका बाजूला चिनी मजकूर, तोच श्वानझोंग सम्राट दुखवट्याचे शब्द पाठवतो, गोडगोड. बाकीच्या बाजूंना तुर्की मजकूर. त्यात भावाने आपल्या लोकांना बजावलंय: चिन्यांचं बोलणं गोड, रेशीम मऊ. त्याला भुलून जवळ गेलात तर मेलात. आमच्या सरदारांची पोरं त्यांची गुलाम झाली, पोरी दासी झाल्या.

एकाच दगडावर दोन्ही. तुमच्या कवितांमधले घोडे यांचेच, यिन पर्वत ओलांडणारे.

शांघायकर

जबरी. दगड बघायला जायचं ठरवतोय, उलानबातरहून गाडी करावी लागते म्हणे.

अवांतर: 'हू' लोकांना घालवून द्या म्हणणाऱ्या फौजेत गशू हान स्वतः तुर्क वंशाचा होता, आणि त्सेन शेनचा पहिला साहेब गाओ श्येनझी कोरियन वंशाचा. ७५१ मध्ये तलास नदीवर अरबांकडून हरला तो हाच.

हिशेबनीस

आणि ७५५ ला सरहद्दीवरचा सेनापती आन लुशान याचं बंड झालं, त्यात ३ कोटी ६० लाख माणसं मेली. जगातलं सगळ्यात मोठं हत्याकांड. सरहद्दीवर एवढी फौज पोसली की ती उलटली.

ताम्रपट

शेवटचं वाक्य ठीक. आकडा नको. तो ७५५ ची खानेसुमारी (सुमारे ५ कोटी २९ लाख) वजा ७६४ ची (सुमारे १ कोटी ६९ लाख) असा काढलेला आहे. बंडानंतर सरकारच्या हातात कित्येक प्रांतच नव्हते, लोक पळाले, वह्या जळाल्या. ती मोजणीतून निसटलेली माणसं आहेत, सगळी मेलेली नव्हेत.

हिशेबनीस

बरं. वजाबाकी मागे घेतो.

ओवीवाली

मोजणीवरून आठवलं. पानिपतच्या त्या सांकेतिक निरोपात मोत्यं आणि मोहरा मोजल्या जातात आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. या चिनी कवितांची कमाल ही की त्या खुर्द्याबद्दल आहेत. छन थाओ नावाच्या कवीची ओळ वाचा: दयनीय ती वूडिंग नदीकाठची हाडं, वसंतातल्या खोलीत कोणाच्या तरी स्वप्नात अजून माणूसच आहेत.

तिला अजून बातमी कळलेलीच नाही. बस, एवढंच.

बखरवाला

देशभक्तीच हवी असेल तर तांगमध्ये कशाला शोधता, नंतरच्या सोंग राजवटीत जा. तांग दुसऱ्याच्या मुलखात घुसत होते, सोंगचा स्वतःचा अर्धा देश गेला होता. लू यू हा कवी १२१० मध्ये पंच्याऐंशीच्या घरात असताना वारला. मरताना मुलांना सांगून गेला: राजाचं सैन्य उत्तर जिंकून घेईल त्या दिवशी घरच्या श्राद्धाला बापाला सांगायला विसरू नका.

पुढची गंमत भयानक आहे. देश एक झाला, पण मंगोलांनी केला, सोंगला बुडवून. तेव्हा लिन जिंगशी नावाच्या कवीने लिहिलं: पणतू-खापरपणतूंनी नऊही प्रांत एक झालेले पाहिले खरे, आता श्राद्धाला म्हाताऱ्याला सांगायचं काय?

चकलीची_भाजणी

काटा आला. पितृपक्षात हे वाचायला नको होतं.

गनिमी_कावा

आणि सोंगचा सेनापती यूए फेइ याची 'भुकेला शत्रूचं मांस खाऊ, तहानेला रक्त पिऊ' वाली? ती सोडू नका. ती तर शुद्ध देशभक्ती.

बखरवाला

ती त्याचीच का यावर पंडितांमध्ये मोठा वाद आहे. त्याला ११४२ मध्ये मारलं आणि कविता सापडते थेट मिंग काळात. गाजली मात्र खूप, विशेषतः जपानशी युद्ध चालू असताना. एक निरीक्षण, हलकेच घ्या: मांस खायच्या गोष्टी ज्या कवितेत आहेत तिचा कर्ता संशयास्पद, आणि ज्यांनी खरोखर सरहद्द पाहिली ते बाह्या ओल्या झाल्याचं लिहितात.

पण मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सोंगमध्येच त्याचा धागा सापडतो. फान चोंगयान. हा मुलकी अधिकारी, १०४० नंतर वायव्य सरहद्दीवर स्वतः सेनापती म्हणून होता. त्याची ओळ: 'गढूळ दारूचा एक पेला, घर दहा हजार ली, यानरानवर अजून कोरलं नाही, परतायची सोय नाही.' यानरान म्हणजे तो डोंगर जिथे इ.स. ८९ मध्ये हानच्या सेनापतीने विजय कोरून ठेवला, मजकूर इतिहासकार बान गूचा. (तो लेख मंगोलियातच खडकावर सापडला, २०१७ मध्ये ओळख पटली.) आता बोरूंच्या ओळीशेजारी ठेवा. सांगाडा तोच: काम झालं नाही, परतणं नाही. आणि इथे शपथेचा मागमूस नाही. शेवटची ओळ आहे 'सेनापतीचे पांढरे केस, शिपायांचे अश्रू'. खुद्द सेनापती लिहितोय.

शिळोप्या

हा शेवटचा खिळा. म्हणजे बाईंचा दुसरा अर्थ बरोबर.

ताम्रपट

खिळा नाही. फान तीनशे वर्षं नंतरचा. वांग छांगलिंगच्या 'जोंग'मध्ये जोर आहे, तो शपथेसारखाच वाजतो. चिनी टीकाकारसुद्धा दोन्हीकडे आहेत.

माळावरची_वाट

दोन्ही का नाही? वडिलांनी एकदा सुट्टी रद्द झाल्यावर लिहिलं होतं, 'काम पुरे झाल्याबिगर येणे नाही.' आई ते वाचून रडली आणि आजी म्हणाली, वाघ आहे माझा. पत्र एकच.

बोरू_आणि_टाक

थांबा थांबा. 'येणे नाही'! मी इतके दिवस 'परतणार नाही' लिहून बसलोय. 'णार' घातला की कर्ता आला, निश्चय आला, हर हर महादेव आला. 'णे नाही'मध्ये कर्ताच नाही, मुळासारखा. चौथी ओळ बदलतो:

लौलान फुटल्यावाचून परतणे नाही.

'फोडल्या'चं 'फुटल्या' केलंय, म्हणजे कोणी फोडायचं तेही उघडं राहतं. रविवारी बाईंना दाखवतो.

धोबीपछाड

शहर 'फुटतं' का? माठ फुटतो. शहर पडतं.

बोरू_आणि_टाक

'पडल्यावाचून' केलं. बाकी ठीक?

चौकटचा_राजा

वाचलं सगळं एकदाचं. मूळ प्रश्न काय होता?